सॉफ्टनर म्हातारा झाला, की पाणी बदललं?

मे महिना लागला की पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये एक तक्रार हमखास येते. वाघोली घ्या, उंड्री घ्या. बोअरनं मान टाकलेली असते, टँकरच्या खेपा वाढलेल्या असतात आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटू लागते. साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं बुजतात, गिझर कुरकुरतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "सॉफ्टनर बंद आहे का?" कमिटी प्लांटवाल्याला बोलावते. तो दहा वर्षांच्या टाकीवर टिचकी मारतो, "साहेब, याचं आयुष्य संपलं" म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत नव्या प्लांटचं कोटेशन पाठवतो. सर्वसाधारण सभेत मग दोन तट पडतात. एक म्हणतो, एकदाच काय तो खर्च करून मोकळे होऊ. दुसरा म्हणतो, एवढी वर्षं चाललाय, डागडुजी करा.

दोन्ही तट एकच गोष्ट धरून चाललेले असतात, की प्लांट ही एक वस्तू आहे आणि ती एकदम म्हातारी होते. खरं तर तिथे वेगवेगळ्या आयुष्याच्या चार गोष्टी एकत्र नांदत असतात: फायबरची उभी टाकी, तिच्या डोक्यावरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, टाकीतलं रेझिन आणि शेजारची मिठाची टाकी. फायबरची टाकी उन्हात नसेल तर पंधरा-वीस वर्षं सहज काढते. रेझिन साधारण दहा-पंधरा वर्षं टिकतं, पण क्लोरीन किंवा लोहाशी गाठ पडली तर त्याच्या निम्मंही नाही. व्हॉल्व्हमधलं रबर तर काही वर्षांतच कडक होतं. मिठाच्या टाकीला गाळ उपसण्यापलीकडे फारसं काही लागत नाही. म्हणून 'दुरुस्ती की नवा?' या प्रश्नाआधी 'यातलं नेमकं काय गेलंय?' हे विचारावं लागतं. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, जो सभेत सहसा कुणी विचारत नाही: प्लांटमध्ये येणारं पाणी तरी पूर्वीचंच आहे का?

ते समजायला आत काय चालतं ते पाहू. रेझिन म्हणजे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे पिवळसर मणी, पॉलिस्टायरीन या प्लास्टिकपासून बनवलेले. हे मणी पाणी गाळत नाहीत. प्रत्येक मण्यात ऋण विद्युतभाराच्या असंख्य जागा पक्क्या बसवलेल्या असतात आणि त्यांवर सुरुवातीला सोडियम बसलेला असतो. एसटीच्या बाकांवर एकटेदुकटे प्रवासी बसलेत असं समजा. क्षाराच्या पाण्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतात. त्यांच्यावर दोन भार असल्यामुळे एकेकाला दोन जागा लागतात आणि त्यांचा जोरही जास्त असतो, म्हणून दोन सोडियम उतरतात आणि एक कॅल्शियम बसतो. सगळ्या जागा भरल्या की पाणी जसं आलं तसं बाहेर पडू लागतं. मग मिठाचं दाट द्रावण आतून सोडायचं. सोडियमची इतकी गर्दी होते की कॅल्शियमला उठावंच लागतं आणि तो गटाराकडे जातो. यालाच रिजनरेशन म्हणतात.

ही अदलाबदल माणसाला प्रथम कळली ती मातीत. १८५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये यॉर्कशायरचे जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांना शेणखतातला अमोनिया पावसानं वाहून जातो का, हे पाहायचं होतं. मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचं द्रावण सोडलं, तर खालून जिप्सम बाहेर आलं. मातीनं अमोनियम धरून ठेवला आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम सोडला होता. रसायनशास्त्रज्ञ जे. टी. वे यांनी त्यावर पद्धतशीर प्रयोग करून मातीतल्या या अदलाबदलीचे नियम मांडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट करून त्याच तत्त्वावर पाणी मृदू करायला सुरुवात केली. आजचं पॉलिस्टायरीनचं रेझिन १९४०च्या दशकातलं. मातीची ही गोष्ट लक्षात असू द्या, शेवटाकडे सोसायटीच्या बागेत ती पुन्हा लागेल.

आता हिशेब. पाण्याची कठीणता लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, या मापात सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार २०० पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत सह्याद्रीवर पडलेला पाऊस साठतो, त्यामुळे ते पाणी मृदू असतं. बोअरचं पाणी मात्र बेसाल्टच्या भेगांतून, कधी चुनखडीतून मुरत आलेलं. मातीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत येतं. टँकर कोणत्या विहिरीवर भरला त्यावर त्याचा आकडा ठरतो, आणि ती विहीर या आठवड्यात एक तर पुढच्या आठवड्यात दुसरी.

समजा प्लांटमध्ये ३०० लिटर रेझिन आहे. लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम मीठ वापरून रिजनरेशन केलं, तर एक लिटर रेझिन साधारण ४५ ग्रॅम कठीणता उचलतं. म्हणजे एका रिजनरेशनमागे पूर्ण प्लांट साडेतेरा किलो कठीणता काढतो आणि त्याला ३० किलो मीठ लागतं. पावसाळ्यानंतर पाणी ३०० चं असेल तर हा प्लांट ४५ हजार लिटर पाणी देईल. ४५० चं झालं की ३० हजार लिटर. मे महिन्यात ७५० चा टँकर आला की १८ हजार लिटरवर संपला! रेझिन तेच, मीठ तेवढंच, सुपरवायझरही तोच आणि तेवढाच कर्तव्यदक्ष. तो रोज सकाळी एकदा रिजनरेशन करतो, पण दुपारी बारालाच रेझिन भरून गेलेलं असतं, आणि संध्याकाळी बादलीला रेघ येते.

म्हणून प्लांटची तब्येत लिटरमध्ये मोजू नये, किलोमध्ये मोजावी. दोन रिजनरेशनच्या मध्ये किती लिटर पाणी गेलं त्याला कच्च्या पाण्याच्या कठीणतेनं गुणा आणि दहा लाखांनी भागा. चार वर्षांपूर्वी उत्तर साडेतेरा होतं आणि आजही तेराच्या आसपास असेल, तर प्लांट ठणठणीत आहे, पाणी बिघडलंय. उत्तर सातवर आलं असेल तर आत खरंच काहीतरी झालंय. यासाठी लागतं काय? बाहेर जाणाऱ्या पाइपवर एक पाण्याचा मीटर आणि कठीणता मोजायची थेंबांची किट. नमुन्यात सूचक टाकला की रंग लालसर होतो, मग थेंब मोजत जायचं. रंग निळा झाला की थांबायचं. शाळेतल्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे, पण बहुतेक प्लांटरूममध्ये ना मीटर असतो, ना किट, ना नोंदवही. एएमसीच्या पावत्या मात्र फाइलला लावलेल्या असतात.

किटऐवजी सगळ्यांच्या हातात टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार मोजणारं, पेन असतं, आणि सॉफ्टनरवरून होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ ते पेन आहे. सभासद सॉफ्टनरच्या आधी पेन बुडवतो, ९००. नंतर बुडवतो, ९१०. "बघा, काहीच काम करत नाही!" पण सॉफ्टनर क्षार कमी करत नाही, बदलतो. ४० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या जागी ४६ मिलिग्रॅम सोडियम येतो, त्यामुळे टीडीएस उलट किंचित वाढणंच अपेक्षित आहे. पेन बरोबरच सांगत असतं, प्रश्न चुकीचा विचारलेला असतो.

आकडा खरंच घसरलाय असं ठरलं, तरी रेझिनवर आळ घेण्याआधी प्लांटच्या बाहेर पाहावं. बायपासचा व्हॉल्व्ह हा यातला अट्टल गुन्हेगार. प्लांट बंद असताना पाणी सुरू राहावं म्हणून ठेवलेली ही वाट कुणीतरी कधीतरी उघडते, परत बंद करताना पाव आटा राहतो, किंवा आतलं सीट झिजतं. कच्चं पाणी मृदू पाण्यात मिसळत राहतं. ओळखायचं कसं? प्लांटच्या तोंडाशी आणि बायपास मिळतो त्याच्या पुढे, असे दोन नमुने घ्या. पहिला मृदू आणि दुसरा कठीण निघाला तर दोष शंभर-दोनशे रुपयांच्या वायसरचा असू शकतो.

दुसरा संशयित पंप. मिठाचं पाणी ओढण्याचं काम इंजेक्टर करतो. त्यातून जोरात वाहणाऱ्या पाण्यामुळे पोकळी तयार होते आणि ती शेजारच्या टाकीतून द्रावण खेचते. पंपाचा दाब पडला, किंवा इंजेक्टरच्या बारीक भोकात मिठातली माती अडकली, की खेचणं मंदावतं. बाहेरून सगळं नेहमीसारखं दिसतं. हँडल फिरतं, अर्धा तास जातो, पण रेझिनपर्यंत मीठ पोचलेलंच नसतं. याची खूण मिठाच्या टाकीवर मार्करनं करता येते. संपृक्त द्रावणात लिटरमागे सुमारे ३१५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे ३० किलो मिठासाठी पातळी ९५ लिटरच्या आसपास उतरायला हवी. तितकी उतरत नसेल तर रेझिन बदलून उपयोग नाही. नवं रेझिनही उपाशीच राहील. टाकीच्या तळाशी काळपट गाळ असतो किंवा वर मिठाचा टणक थर धरून खाली पोकळी झालेली असते, तेही काठी घालून पाहावं. मिठागरातलं स्वस्त खडं मीठ मातीसकट येतं, शिवाय त्यात थोडा कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतोच. ज्याला हाकलायचं तोच पाहुणा मिठातून परत आणायचा, हा व्यवहार फारसा शहाणपणाचा नाही.

हे सगळं ठीक निघालं की मग टाकी उघडायची. मूठभर रेझिन तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिलं तरी बरंच कळतं. चांगले मणी गोल, चकचकीत आणि टणक असतात. बरेच फुटके दिसले, किंवा बोटांत चिरडताना लिबलिबीत वाटले, तर ती क्लोरीनची करणी. पॉलिस्टायरीनच्या साखळ्या एकमेकींना जिथे बांधलेल्या असतात ते दुवे क्लोरीन हळूहळू तोडतो, मणी पाणी पिऊन फुगतात आणि मऊ पडतात, मग एकमेकांवर दबून पाण्याची वाट अडवतात. टाकीच्या आधी आणि नंतरच्या प्रेशर गेजमधला फरक वर्षागणिक वाढत असेल तर हेच घडतंय. अशा रेझिनवर इलाज नाही, ते बदलावंच लागतं. मात्र बदलताना हायपोक्लोराइटचा डोस कुठे पडतो ते बघा. बऱ्याच सोसायट्यांत तो जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे सॉफ्टनरच्या आधीच पडतो. तो नंतरच्या टाकीत हलवला नाही, किंवा आधी कार्बन फिल्टर बसवला नाही, तर नवं रेझिनही त्याच वाटेनं जाईल.

मणी विटकरी-तपकिरी झाले असतील तर बोअरचं लोह बसलंय. हे मात्र बऱ्याचदा धुता येतं. सोडियम हायड्रोसल्फाइट किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात ठराविक वेळ भिजवून बॅकवॉश, म्हणजे खालून वर उलटा प्रवाह, दिला की गेलेली क्षमता मोठ्या प्रमाणात परत मिळू शकते. जाणकाराकडूनच करून घ्यावं, आणि त्या दिवशी ते पाणी घरांकडे जाणार नाही याची खात्री करावी.

कधी नळाच्या जाळीत सोनेरी मणी सापडतात. लोक ते वाळू समजून फेकतात. ते रेझिन असतं, आणि त्याचा अर्थ टाकीच्या तळाची जाळी, म्हणजे स्ट्रेनर, फुटली आहे. भाग स्वस्त, पण तो बदलायला टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. रेझिनला आठ-दहा वर्षं झाली असतील तर ते त्याच वेळी बदलून टाकावं, कारण मजुरी तीच. याउलट, बॅकवॉशचा जोर जास्त ठेवल्यामुळेही रेझिन वरून गटारात वाहून जातं. अशा वेळी रेझिन खराब झालेलं नसतं, नुसतं कमी झालेलं असतं, आणि पन्नास-साठ लिटर भर घातली की काम भागतं.

व्हॉल्व्हबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाणी खारट लागतं, किंवा ड्रेनचा पाइप सर्व्हिसच्या, म्हणजे पाणी देण्याच्या, वेळीही ठिबकतो, तर गॅस्केट गेलं समजावं. सुटे भाग बाजारात मिळत असतील तोवर बदलत राहावं, मिळेनासे झाले की फक्त व्हॉल्व्ह बदलावा. प्रमाणित आकाराच्या टाकीचं तोंडही सहसा प्रमाणित असतं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्हही बसतो.

मग नवा प्लांट केव्हा? टाकीनं दगा दिला तर, निःसंशय. फायबरच्या अंगावर जाळीदार भेगा, तळाशी पाझर, तोंडाच्या आट्यांना तडा, यांपैकी काहीही दिसलं तर ठिगळ लावू नये. ती दाबाखाली चालणारी टाकी आहे, पाण्याचा पिंप नव्हे. जुन्या लोखंडी टाक्यांचं आतलं रबर सुटून गंज आला असेल तरी तोच निर्णय. दुसरं कारण मापाचं. पहिल्या दोन इमारतींसाठी घेतलेल्या प्लांटवर पुढे आणखी दोन इमारती जोडल्या, त्यात टँकर वाढले, आणि आता दिवसातून दोनदा रिजनरेशन करूनही पुरत नाही. इथे जुना प्लांट निर्दोष असतो, तरी दुरुस्तीचा पैसा वाया जातो. पण इथेही मी जुना भंगारात काढण्याऐवजी त्याच्या शेजारी दुसरा उभा करण्याच्या बाजूचा आहे. एक रिजनरेशनला असताना दुसरा पाणी देतो, आणि मे महिन्यात दोन्ही लागतातच. टाकी शाबूत, माप पुरेसं, आणि रेझिन-व्हॉल्व्ह धरून खर्च नव्याच्या निम्म्याखाली, असं असेल तर दुरुस्तीला हात वर करावा.

निर्णय पुढे ढकलण्याचा एक सरळ मार्गही आहे. पाणी शून्यावर आणायची गरजच नसते. १०० च्या आसपासचं पाणी अंघोळीला, कपड्यांना, गिझरला उत्तम. ४५० चं पाणी पूर्ण मृदू करून त्यात साधारण पाचवा हिस्सा कच्चं पाणी मोजून मिसळलं, तर त्याच प्लांटमधून एका रिजनरेशनमागे ३० हजारांऐवजी ३८ हजार लिटर मिळतात. वर ज्याला गुन्हेगार म्हटलं तोच बायपास, पण इथे मोजून उघडलेला. पाइपला चुंबक लावून किंवा तारा गुंडाळून पाणी मृदू करणारी उपकरणंही या सुमारास विकायला येतात. विक्रेत्यासमोर थेंबांची किट आधी आणि नंतर वापरून पाहावी. कठीणता जिथल्या तिथे असते.

असं कच्चं पाणी मिसळल्यानं होणारी मिठाची बचत ही नुसत्या पैशांची बाब नाही. ४५० चं पाणी पूर्ण मृदू केलं की लिटरमागे २०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम त्यात येतो, आणि साधारण तेवढ्याला चव कळू लागते. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी असं पाणी थेट पिऊ नये, स्वयंपाकघरातल्या आरओनं तो सोडियम निघतो. मोठा प्रश्न गटारात जाणाऱ्या द्रावणाचा. ते सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात मिसळतं आणि तिथलं पाणी बागेला फिरतं. थॉम्पसनच्या मातीत जे घडलं तेच आता बागेत घडतं, फक्त प्रवासी बदलतात. सोडियम मातीत शिरतो, कॅल्शियम बाहेर पडतो, काळ्या मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, पाणी मुरेनासं होतं. सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी चोपण जमिनीत जिप्सम टाकतो, तो हाच कॅल्शियम परत बसवण्यासाठी. बागेतली लॉन पिवळी पडली म्हणून माळी बदलणाऱ्या सोसायटीनं एकदा प्लांटरूमचा ड्रेन कुठे जातो ते पाहावं.

सभेत कोटेशन येईल तेव्हा ते भागवार मागावं: टाकी, व्हॉल्व्ह, रेझिन, स्ट्रेनर, मजुरी, प्रत्येकाची रक्कम वेगळी. रेझिन 'बॅगा' अशा शब्दात नको, लिटरमध्ये हवं, कंपनी आणि ग्रेडसह. रिजनरेशनमागे किती किलो मीठ आणि किती किलो कठीणता, हे दोन आकडे लेखी घ्यावेत. हे महत्त्वाचं, कारण मीठ अडीचपट ओतलं तर तेच रेझिन दीडपट काम करून दाखवतं. कागदावर छोटा आणि स्वस्त दिसणारा प्लांट पुढची दहा वर्षं मिठाच्या गोण्या खात बसतो. कच्च्या पाण्याचा आकडा मे महिन्यातला द्यावा, ऑक्टोबरमधला नव्हे. आणि पाण्याचा मीटर त्या कोटेशनमध्ये नसेल, तर तो पहिल्या ओळीवर घालून घ्यावा.